फायटर मासा आणि बरणीचं माप

शोभेच्या माशांच्या कुठल्याही दुकानात गेलात, तर मोठ्या टाक्यांच्या बाजूला एक फळी दिसते. तिच्यावर प्लास्टिकचे पेले नाहीतर छोट्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीत एकेकच मासा असतो. निळा, तांबडा, जांभळा, साडीच्या निऱ्यांसारखी शेपटी सोडून जवळजवळ स्तब्ध. मध्ये कुठे कुठे पुठ्ठ्याचे तुकडे खोचलेले असतात, शेजाऱ्याला शेजारी दिसू नये म्हणून. शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडेन्स, पण पुण्यात दुकानात जाऊन बेटा द्या म्हटलं तर विकणारा आधी आपल्याकडे बघतो आणि मग म्हणतो, "फायटर ना?" आपणही आज त्याला फायटरच म्हणू.

दुकानदार या माशाबरोबर एक वाक्य फुकट देतो: "याला जागा लागत नाही, बरणीत पण राहतो." घरोघरी हे वाक्य इतकं रुळलंय की त्याला जन्मतारीख असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आजच्या व्याख्यानात आपण त्या वाक्याचा इतिहास बघणार आहोत. बरणी आली कुठून, ती पुण्यात कशी पोचली, आणि मधल्या काळात कायद्यानं, शास्त्रानं आणि हवामानानं तिच्याबद्दल काय म्हटलं. विषय लहान वाटेल. पण एखाद्या जिवाला किती जागा पुरते हे ठरवतं कोण, हा प्रश्न लहान नाही.

सुरुवात सियामपासून, म्हणजे आजच्या थायलंडपासून. तिथे या माशाला प्ला कात म्हणतात, अर्थ सरळ आहे, चावणारा मासा. तिथल्या भातखाचरांतून आणि दलदलींतून लोकांनी हा मासा धरला आणि कोंबड्यांसारखी त्याची झुंज लावली. हे किती जुनं? २०२२ साली या माशाच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेलं उत्तर असं की माणसानं हा मासा माणसाळवायला किमान चारशे वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास किंवा त्याआधीच हा मासा सियाममध्ये माणसाच्या हाताखाली आलेला होता. आणि आज आपल्याकडे लांब शेपटीचे जे देखणे फायटर येतात, ते त्या झुंजीच्या माशांचेच वंशज आहेत. आधी झुंज, मग शोभा.

शास्त्रीय नोंदीत हा मासा येतो तो मात्र कलकत्त्यामार्गे, आणि ही गंमत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. थिओडोर कँटर नावाचा एक डॅनिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८४० च्या सुमारास त्याला सियामच्या दरबाराशी संबंध असलेल्या माणसाकडून हे मासे मिळाले. त्यानं मलाया भागातल्या माशांची मोठी यादी केली, ती १८४९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. सियामी लोक या झुंजींवर कसे तुटून पडतात, पैजा कशा लावतात, आणि झुंजी भरवण्याच्या परवान्यातून तिथल्या राजाला दरसाल चांगलं उत्पन्न कसं मिळतं, हेही त्यानं लिहून ठेवलं. त्यानं दिलेल्या नावाचा घोटाळा मात्र झाला. ते नाव खरं तर दुसऱ्याच एका जातीचं होतं. तो घोटाळा १९१० साली लंडनच्या चार्ल्स टेट रेगन यांनी सोडवला आणि या माशाला स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळणारा, असं नाव दिलं. थायलंडनं २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. रानातला मूळ मासा मात्र आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे, कारण त्याच्या दलदलीच राहिल्या नाहीत.

आता बरणी. झुंजीचे नर एकत्र ठेवता येत नाहीत, ते एकमेकांना फाडतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं. बरणी आली ती अशी, वेगळं ठेवण्याची सोय म्हणून. पैलवानाला कुस्तीच्या आधी एकटं ठेवावं तसं. माशाला काय आवडतं, तो किती जगतो, याचा तिथे विचार होण्याचं कारणच नव्हतं. झुंजीच्या माशाचं आयुष्य झुंजीपुरतं मोजलं जात होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे बरणी तीच राहिली आणि तिच्यामागचं कारण मात्र बदलून सांगण्यात आलं.

बदललेलं कारण असं: "हा मासा रानातसुद्धा डबक्यातच राहतो." अर्धं खरं आहे हे. सियामची भातखाचरं उथळ असतात, पण उथळ म्हणजे अरुंद नव्हे. मावळात आवणी झालेलं खाचर डोळ्यांसमोर आणा. पाणी घोट्यापर्यंत, पण बांधापासून बांधापर्यंत पसरलेलं, त्यात रोपांचं रान, शेवाळ, किडे, सावली. तिथे नर आपला इलाखा राखतो, पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो, मादीनं घातलेली अंडी तोंडानं उचलून त्या फेसात ठेवतो आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो. पाऊस संपला, पाणी आटलं, की काही मासे चिखलाच्या डबक्यात अडकतात आणि तिथेही काही काळ तग धरतात, हे खरं. पण १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडची गुरं छावण्यांमध्ये तगली, म्हणून छावणी हे काही गुरांचं घर ठरत नाही. तगणं आणि राहणं यांत फरक आहे, आणि दुकानातलं ते वाक्य नेमका तोच फरक पुसून टाकतं.

तो तग कसा धरतो, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, नागमोडी घड्यांचं एक श्वसनेंद्रिय असतं. तो पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू त्या घड्यांतून रक्तात जातो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपली मरळ याच पठडीतली. कल्ल्यांच्या वर हवेसाठी पोकळी असल्यामुळे ती मासळीबाजारात पसरट टोपात चार बोटं पाण्यात जिवंत वळवळताना दिसते. कोळीणबाईंना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: मरळ जिती विकता येते, रोहू नाही. फायटर पेल्यात विकता येतो त्याचंही कारण हेच. पण मरळ त्या टोपात सुखी आहे, असं कुठलीही कोळीण म्हणणार नाही. ती एवढंच म्हणेल की संध्याकाळपर्यंत मरणार नाही.

आणि या इंद्रियानं प्रश्न एकच सुटतो, प्राणवायूचा. मासा जे खातो त्यातला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपानं कल्ल्यांवाटे बाहेर पडतो, आणि अमोनिया त्याच कल्ल्यांना जाळतो. वरून हवा घेतली म्हणून हे थांबत नाही. पाणी थोडं असेल तर अमोनिया दाट होतो, इतका हा साधा हिशोब आहे. दहा सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भांडं घ्या, त्यात एक लिटर पाणी मावतं. तीस सेंटिमीटर बाजूचं घ्या, सत्तावीस लिटर मावतं. तोच मासा, तेच दाणे, पण पहिल्या भांड्यात विष सत्तावीस पट दाट. "रोज पाणी बदलतो की आम्ही," असं घरचे म्हणतात. बदलतात, पण सगळं पाणी एकदम, थेट नळाचं, क्लोरीनसकट आणि वेगळ्या तापमानाचं. माशाच्या बाजूनं पाहिलं तर रोज घर पाडून नवीन बांधण्यातला हा प्रकार.

तापमानाचा मुद्दा आम्हाला पुण्याच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. बँकॉकमध्ये जानेवारीतसुद्धा पहाटेचा पारा सरासरी एकवीस-बावीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. तिथे अंगणात ठेवलेल्या बरणीतलं पाणी रात्रभर बऱ्यापैकी उबदार राहतं. फायटरला साधारण चोवीस ते अठ्ठावीस अंश मानवतात. आता पुणं. जानेवारीत दुपारी तीस, पहाटे अकरा-बारा, आणि काही रात्री दहाच्याही खाली. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा आपण सकाळी पेपरात कौतुकानं वाचतो आणि स्वेटर काढतो. खिडकीतली एक लिटरची बरणी त्याच हवेबरोबर वरखाली होते. मघाचीच दोन भांडी घ्या. मोठ्यात पाणी सत्तावीस पट आहे, पण थंडी आत शिरायला पृष्ठभाग फक्त नऊ पट. म्हणून मोठं भांडं साधारण तीनपट सावकाश थंड होतं आणि तीनपट सावकाश तापतं. बरणी सियामहून आली, पण सियामची हवा बरोबर आली नाही. थंडीत फायटर तळाशी बसून राहतो, खात नाही, मग कल्ले मिटून एका कुशीवर होतो, आणि घरात म्हटलं जातं, "फायटर टिकतच नाही." टिकतो. दोन-तीन वर्षं सहज, कधी त्याहून जास्त.

इथे क्षणभर थांबून आपल्याकडे मासा ठेवण्याची रीत काय होती, ते पाहू. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं मानसोल्लास लिहिला, साधारण ११३० च्या सुमारास. त्यात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. कुठल्या माशाला कसलं खाद्य टाकावं, याचा त्यात बारकाईनं विचार आहे. पण हे लाड गळाला लावण्यासाठीचे आहेत, तेव्हा त्यावरून फार हुरळून जाऊ नये. दुसरी रीत देवस्थानांची. नदीचा एखादा डोह राखायचा, तिथे मासेमारी करायची नाही, भाविकांनी चुरमुरे टाकायचे. सह्याद्रीच्या परिसरातल्या अशा राखीव डोहांच्या नोंदींत इंद्रायणीकाठच्या देहू-आळंदीची नावं येतात, आणि महाडजवळच्या काळ नदीवरचा वाळण कोंड तिथल्या महसीर माशांसाठी प्रसिद्ध आहे. विहिरीत नाहीतर हौदात मासे, कासव सोडायची चालही जुनी. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मासा त्याच्या पाण्यात राहतो आणि माणूस काठावर येऊन त्याला बघतो. माशाला उचलून दिवाणखान्यात आणायची कल्पना इथे नव्हती.

पुण्याच्या माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद केली ती कर्नल साइक्स यांनी. १८३० च्या आसपास ते दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर होते. त्यांनी कोळ्यांच्या तोंडची नावं तशीच्या तशी शास्त्रात नेली. खुद्री, कोळूस, नुक्ता ही नावं आजही लॅटिन वेशात जगभर चालतात. त्यातल्या खुद्रीची, म्हणजे दख्खनी महसीरची, मूळ नोंद पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतली आहे. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिलं. गंमत बघा, पुण्याच्या घरांमधल्या टाक्यांत यातला एकही मासा नाही. गोल्डफिश चीनचा, एंजल अॅमेझॉनचा, गप्पी दक्षिण अमेरिकेचा, फायटर सियामचा. मुठेचा मासा काचेत आला नाही आणि काचेतल्या माशाला मुठा माहीत नाही. गप्पी तेवढा अपवाद. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिकाच त्याला सोडते, त्यामुळे तो दोन्हीकडे.

काच आली युरोपातून. लंडनमध्ये १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवून दाखवलं की पाणी न बदलता हा संसार चालू शकतो. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सडकी पानं खाते, मासा जगतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकानं अॅक्वेरियम हा शब्द घरोघरी नेला आणि तिथल्या मध्यमवर्गाला अक्षरशः वेड लागलं. वॉरिंग्टनला आपलं भांडं नेमकं का चालतं, हे पुरतं माहीत नव्हतं. अमोनियाचं रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये करणारे जीवाणू असतात, हे कळायला आणखी काही दशकं जावी लागली. आणि या नायट्रीकरणावर इंग्लंडमध्ये ज्यांनी मोठं काम केलं, त्यांत त्याचाच मुलगा होता, तोही रॉबर्ट वॉरिंग्टन, रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातला. बापानं टाकी मांडली, मुलानं ती का चालते याचा मोठा भाग उलगडला. हे जीवाणू काचेवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. बरणी रोज घासून धुतली की त्यांची वस्तीही रोज धुऊन जाते.

आपल्याकडे मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय सुरू झालं. मराठी माणसाला मात्र मत्स्यालय म्हटलं की मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला आठवतं. ते १९५१ मध्ये उभं राहिलं, खर्च आठ लाख रुपये, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्यांचे, आणि उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. शाळांच्या कितीतरी सहली तिथे जाऊन आल्या असतील. काचेला नाक लावून उभं राहायचं, मागून बाईंनी "पुढे चला" म्हणायचं. तिथून घरी टाकी आणायची हौस लागली तरी पूर्वी ते सोपं नव्हतं. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात लुकणानं बसवलेली काच, आणि कोपऱ्यांतून ठरलेली गळती. १९६० च्या दशकानंतर सिलिकॉनचा चिकटा आला आणि नुसत्या काचेला काच जोडून टाकी करता येऊ लागली. ती हळूहळू कोपऱ्यावरच्या काचवाल्यालाही जमू लागली. टाकी स्वस्त झाली. पण फ्लॅट लहान होत गेले, टाकीचं वजन, फिल्टरचा आवाज, विजेचं बिल, हे सगळं नको झालं. मग टेबलावर मावणारं गोल भांडं पुढे आलं आणि त्यात मावणारा, हवेतून श्वास घेणारा मासा म्हणून फायटर. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईचं कोलतूर, मुंबईतलं कुर्ला, ही या व्यापाराची ठाणी.

आता कायदा. या भागात खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही आहेत.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्ध खासगी विधेयक आणलं. पंडित नेहरूंनी सरकारच असा कायदा करेल असं सांगितलं, त्यांनी विधेयक मागे घेतलं, आणि १९६० साली केंद्राचा कायदा झाला. त्या कायद्यात प्राणी म्हणजे कोण? माणूस सोडून कुठलाही सजीव जीव. म्हणजे मासा आलाच. आणि कलम ११ मध्ये क्रूरतेचे जे प्रकार दिले आहेत, त्यात एक असा आहे: प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात अथवा भांड्यात कोंडणं. पिंजऱ्याबरोबर भांडंही आहे, हे मुद्दाम ऐका. नुसत्या करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणं हाही त्याच कलमाखाली गुन्हा. शब्द साठ वर्षांहून जुने आहेत आणि फायटरच्या बरणीला अंगरख्यासारखे बसतात. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. त्यात माशाच्या खाद्याची डबीसुद्धा येणार नाही.

पण वाजवी म्हणजे किती? वाघाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देशानं शोधलं. पुण्याला हे चांगलं ठाऊक असायला हवं. पेशवे पार्क १९५३ मध्ये सुरू झालं. साधारण सात एकरांत, पिंजऱ्यांच्या रांगा, मधून फुलराणी. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम आले, कुठल्या प्राण्याला किती चौरस मीटर हे कागदावर आलं. त्या मापात पेशवे पार्क बसेना. १९९९ मध्ये कात्रजला सुमारे एकशेतीस एकरांवर नवीन संग्रहालय उघडलं आणि पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. हळहळ झाली, आमच्या लहानपणीची बाग गेली असं लोक म्हणाले, पण वाघाला ती जागा अपुरी होती याबद्दल कुणी फार वाद घातला नाही. एका शहरानं जागेचा प्रश्न मापानं सोडवल्याचं हे उदाहरण आहे. घरातल्या माशाला मात्र ते माप कधीच मिळालं नाही.

एकदा मिळता मिळता राहिलं. २०१४ मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. त्या कल्पनेचं मूळ ब्रिटनमधल्या १९६५ च्या ब्रँबेल समितीत आहे. कोंडलेल्या जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय पसरता आले पाहिजेत, एवढी माफक मागणी त्या समितीनं केली होती. मग २३ मे २०१७ रोजी केंद्रानं एकाच दिवशी प्राण्यांविषयीच्या अनेक नियमावल्या काढल्या. त्यातली गुरांच्या बाजारांची नियमावली देशभर गाजली, मोर्चे निघाले, न्यायालयात गेली. त्या गदारोळात मत्स्यालयांची आणि माशांच्या दुकानांची नियमावली झाकली गेली. तिच्यात गोल भांड्यात मासे ठेवायला मनाई होती, अनेक जातींच्या विक्रीवर बंदी होती, दुकानांवर तपासणी होती. शोभिवंत माशांच्या व्यापारातून जोरदार विरोध झाला आणि थोड्याच काळात ती नियमावली मागे घेण्यात आली.

आमचं मत विचाराल, तर ती नियमावली घाईत लिहिलेली होती. छोट्या उत्पादकाचा, आठवडी बाजारात पिशव्या टांगून बसणाऱ्याचा त्यात विचार नव्हता, आणि या धंद्यावर पोट असणारे बहुतेक तेच. पण तिच्याबरोबर भांड्याच्या मापाची चर्चाही बुडाली, हे नुकसान झालं. इटलीत मोंझा शहरानं २००४ मध्ये आणि रोमनं २००५ मध्ये गोल भांड्यांवर बंदी घातली तेव्हा जगभर लोक हसले. कारण साधं होतं. गोल भांडं वर निमुळतं होतं, पाण्याला हवा लागायला पृष्ठभाग कमी, फिल्टर बसत नाही, लपायला कोपरा नाही.

शास्त्रज्ञ या माशाकडे वळले ते अलीकडेच. त्याआधी फायटरवर भरपूर प्रयोग झाले, पण ते त्याच्या भांडखोरपणावर. आरसा दाखवायचा, तो कल्ले फुगवतो ते मोजायचं. तो कसा राहतो हे कुणी मोजत नव्हतं. बेल्जियममधल्या घेंटच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दुकानातल्या आणि घरातल्या फायटरच्या हालअपेष्टांचा आढावा घेतला. त्यानंतर अमेरिकेत क्लीव्हलंडच्या विद्यापीठात वेगवेगळ्या मापांच्या भांड्यांत फायटर ठेवून त्यांचं वागणं तासन्‌तास टिपलं गेलं. मोठ्या, झाडझाडोरा असलेल्या टाकीतले मासे लहान बरणीतल्यांपेक्षा जास्त पोहतात, हे दिसलं. म्हणजे जो आळशी वाटत होता, तो जागेअभावी गप्प होता. पोहायला जागा दिली की तो पोहतो. आजीला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं, पण आजीचं म्हणणं कायद्याच्या परिशिष्टात जात नाही, आकडे जातात.

तर माप किती? जाणकार पाळणारे आज साधारण वीस लिटर सांगतात, आणि पुण्याच्या थंडीचा विचार करता आम्हाला ते पटतं. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण लांब पंखांच्या या माशाला हवेसाठी सारखं वर यावं लागतं. पाण्याला जोराचा प्रवाह नको, मऊ स्पंजचा फिल्टर पुरतो. वर झाकण हवं, कारण तो उडी मारतो, पण झाकणाखाली बोटभर हवा हवी. हिवाळ्यात छोटा हीटर. खर्च होतो, नाकारण्यात अर्थ नाही. कधी कधी टाकीचा खर्च माशाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, आणि तिथेच गाडी अडते. स्वस्त जीव आणि महाग घर हे गणित माणसाला पटत नाही. त्याच घरात कुत्र्याच्या लसीवर मात्र विनातक्रार खर्च होतो.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न आले आहेत ते घेतो.

पहिला प्रश्न: दुकानदारानंच पेल्यात ठेवलेला असतो, मग आम्हालाच का सांगता? रास्त आहे. फरक काळाचा आहे. दुकानातला मुक्काम चार-आठ दिवसांचा, निदान तसा असायला हवा, आणि तिथेही पाणी स्वच्छ आणि कोमट ठेवणारे दुकानदार आहेत. घरातला मुक्काम आयुष्यभराचा. तरीही दुकानात पेल्याचं किमान माप, पाणी किती दिवसांनी बदललं याची नोंद, असा साधा नियम व्हायला हरकत नाही, आणि तो व्यापाऱ्यांशी बोलून केला तर टिकेल.

दुसरा प्रश्न: मोठी टाकी घेतली तर तीत दोन नर ठेवता येतील का, म्हणजे त्याला सोबत होईल? नाही. खाचरात दोन नरांची गाठ पडली तर काही मिनिटं कल्ले फुगवणं, एकदोन चावे, आणि हरलेला रोपांत शिरून निघून जातो. बहुतेक भांडणं तिथेच संपतात. चारशे वर्षांच्या निवडीनं या घरच्या माशाची झुंज लांबवली आहे, आणि घरातली टाकी दोन फुटी असो की तीन फुटी, हरलेल्याला निघून जायला तिच्यात दुसरा बांध नाही. दोघांच्या मध्ये पुठ्ठा लावायचाच असेल, तर दोन टाक्या घ्या.